नकाशा सरळ, हिशेब वाकडा

महापालिकेच्या प्रारूप प्रभागरचनेचे नकाशे जाहीर झाले की दोन-चार दिवस एकच खेळ चालतो. रेघ कुठे अचानक वळली, कुठली वस्ती पलीकडे ढकलली, कुणाच्या घराला वळसा घातला, हे बोट ठेवून दाखवलं जातं. हल्ली त्यावर ‘जेरीमँडरिंग’, म्हणजे निकाल आपल्या सोयीचा लागावा म्हणून केलेली हद्दींची आखणी, असा शिक्काही बसतो. शब्द परका, पण आरोप ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याला ‘सोयीचा प्रभाग’ म्हणतात. अडचण एवढीच की हा इंग्रजी शब्द जन्माला आला तो एका वेड्यावाकड्या आकृतीच्या थट्टेतून, आणि तो वापरणारे दोनशे वर्षं वेडीवाकडी आकृतीच शोधत बसले आहेत. मतदारसंघ आखण्यातली खरी हातचलाखी रेघेच्या वाकडेपणात फार क्वचित सापडते. ती मतांच्या हिशेबात असते. महाराष्ट्रात तर ती त्याहून वेगळ्या जागी असते: एका प्रभागात किती नगरसेवक, या आकड्यात.

शब्दाची कुळकथा आधी पाहू, कारण चूक तिथूनच सुरू होते. एल्ब्रिज गेरी हा मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७८७ साली राज्यघटनेच्या मसुद्यावर मात्र त्याने सही नाकारली होती. ११ फेब्रुवारी १८१२ रोजी त्याने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखणाऱ्या कायद्यावर सही केली. विधिमंडळात बहुमत त्याच्याच डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाचं होतं, समोर फेडरलिस्ट होते. बॉस्टनच्या उत्तरेला एसेक्स परगण्यात फेडरलिस्टांचा जोर. नव्या आखणीत चेल्सीपासून निघून लिन, सेलम, डॅन्व्हर्स, अँडोव्हर, मेथ्युएन, हेव्हरिल असा वळसा घेत थेट सॉल्सबरीला पोचणारा एक लांबलचक पट्टा वेगळा काढला गेला आणि उरलेली गावं दुसऱ्या मतदारसंघात गेली. २६ मार्च १८१२ च्या ‘बॉस्टन गॅझेट’मध्ये या पट्ट्याला पंख, नख्या आणि दात काढून छापलं गेलं. चित्र एल्काना टिस्डेलचं मानतात. सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. युरोपातल्या दंतकथांत तो आगीत राहतो. गेरी आणि सॅलमँडर जोडून ‘गेरी-मँडर’ झाला. ही जोडणी नेमकी कुणाला सुचली यावर बऱ्याच आख्यायिका आहेत. गिल्बर्ट स्टुअर्ट या नामवंत चित्रकाराचं नाव नेहमी घेतलं जातं, पण पुरावा कच्चा आहे. त्याच वर्षी शब्दाचं क्रियापदही झालं. पुढे उच्चार बिघडला. गेरी हे आडनाव ‘ग’चंच राहिलं आणि शब्दात ‘ज’ शिरला.

चित्रापेक्षा निकाल बोलका आहे. त्या वर्षी सिनेटसाठी फेडरलिस्टांना ५१,७६६ आणि गेरीच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकनांना ५०,१६४ मतं पडली. जागा मात्र ४० पैकी २९ गेरीच्या पक्षाला आणि ११ फेडरलिस्टांना. खुद्द गेरी गव्हर्नरपदाची निवडणूक त्याच वर्षी हरला, कारण ते पद राज्यभरच्या एकूण मतांवर ठरतं आणि तिथे नकाशाचा उपयोग नसतो. १८१३ मध्ये तो उपाध्यक्ष झाला, १८१४ मध्ये पदावर असतानाच वारला, आणि आखणीचा कायदाही फार टिकला नाही. राहिलं ते चित्र. सगळ्या देशाच्या डोक्यात पक्कं बसलं की मतदारसंघ प्राण्यासारखा दिसला तर घोटाळा, विटेसारखा दिसला तर सगळं ठीक.

आता हिशेब. समजा एका गावात ५०० मतदार आहेत आणि प्रत्येकी १०० मतदारांचे पाच वॉर्ड करायचे आहेत. पतंगवाल्यांची मतं २२०, छत्रीवाल्यांची २८०. म्हणजे छत्री ५६ टक्के, पतंग ४४ टक्के. आखणी पतंगवाल्यांच्या हातात आहे. त्यांच्याकडे दोनच हत्यारं आहेत: कोंबणं आणि फोडणं. विरोधकांची हक्काची वस्ती एका वॉर्डात कोंबायची, म्हणजे तिथे त्यांची मतं जिंकायला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पडून वाया जातात. उरलेली मतं बाकीच्या वॉर्डांत अशी फोडायची की सगळीकडे ते थोडक्यात पडतील. पहिल्या वॉर्डात छत्री ९५, पतंग ५ असं करा. उरले छत्रीचे १८५ आणि पतंगाचे २१५. ते चार वॉर्डांत वाटा: तीन ठिकाणी पतंग ५४ विरुद्ध छत्री ४६, चौथ्यात ५३ विरुद्ध ४७. ४४ टक्के मतांवर पतंगाच्या पाचपैकी चार जागा आल्या. यासाठी वॉर्ड सॅलमँडरसारखा असण्याची गरज नाही. छत्रीवाल्यांची वस्ती एका बाजूला दाट असेल तर पाचही वॉर्ड चौकोनी ठेवून हे जमतं.

वाया गेलेल्या मतांची मोजदाद करता येते, आणि हाच सध्याच्या मोजपट्ट्यांमधला सगळ्यात सोपा प्रकार आहे. हरलेल्या उमेदवाराची सगळी मतं वाया, आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्तीची मतं वाया. वरच्या उदाहरणात जिंकायला ५१ लागतात असं धरलं, तर छत्रीची पहिल्या वॉर्डात ४४ आणि बाकी चार वॉर्डांत १८५, अशी २२९ मतं वाया गेली. पतंगाची पहिल्या वॉर्डातली ५ आणि इतरत्र जास्तीची ११, म्हणजे एकूण १६. फरक २१३, म्हणजे एकूण मतांच्या ४२ टक्क्यांहून जास्त. निकोलस स्टीफनोपोलस आणि एरिक मॅक्गी यांनी ही पद्धत मांडली आणि राज्य विधिमंडळांसाठी आठ टक्क्यांच्या पुढचा फरक संशयास्पद धरावा असं सुचवलं. विस्कॉन्सिन राज्यात २०१२ साली रिपब्लिकनांना ४८.६ टक्के मतांवर ९९ पैकी ६० जागा मिळाल्या होत्या. तिथल्या खटल्यात ही पट्टी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१८ मध्ये न्यायालयाने मुद्द्याला हातच घातला नाही आणि दाद मागणाऱ्यांचं स्वतःचं नुकसान सिद्ध झालेलं नाही म्हणून प्रकरण परत पाठवलं.

या पट्टीतही खोट आहे. काही मतं नकाशा न वाकवताही वाया जातात. एखाद्या पक्षाचे मतदार शहराच्या एकाच भागात दाटीने राहत असतील, तर ते आपोआपच कोंबलेले असतात. म्हणून जागा आणि मतं यांत तफावत दिसली की लगेच कारस्थान म्हणता येत नाही. ते म्हणायचं असेल तर पक्षांकडे न पाहता, फक्त लोकसंख्या आणि भूगोल यांचे नियम पाळून संगणकाला हजारो नकाशे काढायला लावायचे आणि प्रत्यक्षातला नकाशा त्या गर्दीत कुठे बसतो ते बघायचं. नॉर्थ कॅरोलिनातल्या अमेरिकी संसदेच्या मतदारसंघांबाबत हेच केलं गेलं. २०१६ साली तिथल्या आखणीचे प्रमुख, आमदार डेव्हिड लुइस यांनी सभागृहाच्या समितीपुढे उघड सांगितलं की नकाशा १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट असा निघावा, कारण ११ विरुद्ध २ असा काढता येईल असं त्यांना वाटत नाही. राज्य जवळपास निम्मं-निम्मं विभागलेलं असूनही निकाल १०-३ लागला. ड्यूक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २४,५१८ नकाशे काढून पाहिले; त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक नकाशांत डेमोक्रॅटांना निदान एक जागा जास्त मिळत होती.

यातली गंमत बघा. याच राज्याचा जुना बारावा मतदारसंघ महामार्गाला धरून सापासारखा पसरलेला होता आणि त्यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. २०१६ चा नकाशा त्या मानाने फारच नीटनेटका होता. साप गेला, पण १०-३ आलं. म्हणजे आकार सुधारला आणि अन्याय तसाच राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने सांगितलं की पक्षीय आखणी कितीही अन्यायी असली तरी तो राजकीय प्रश्न आहे, केंद्रीय न्यायालयांनी त्यात पडू नये.

उलटं उदाहरणही आहे. इलिनॉयचा चौथा मतदारसंघ कानाला लावायच्या गरम टोप्यांसारखा दिसायचा: दोन गोळे आणि मधे एक बारीक दोरी. अमेरिकेतल्या प्रत्येक ‘सगळ्यात कुरूप मतदारसंघ’ यादीत तो असायचा. पण तो तसा झाला कारण शिकागोच्या दोन बाजूंना असलेल्या लॅटिनो वस्त्या एकत्र करून त्यांना आपला एक प्रतिनिधी निवडता यावा आणि मधल्या कृष्णवर्णीयबहुल मतदारसंघालाही धक्का लागू नये, असा तो मेळ होता. नियतीने नाही, न्यायालयाने तो तसा काढायला लावला. आकारावरून निकाल देणारा माणूस इथे निर्दोषाला फाशी देतो आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या दोषीला सोडतो.

आकार मोजायची सूत्रंही आहेत. सर्वांत प्रचलित सूत्र असं: चार गुणिले पाय (π) गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग. वर्तुळाला १ मिळतो, चौरसाला सुमारे ०.७८५, आणि आकृती जितकी लांबट आणि दातेरी तितका आकडा शून्याकडे जातो. कागदावर छान वाटतं. पण किनारा आला की सूत्र फसतं. खाडी, खाजण आणि खडक यांच्या दातेरी कडेमुळे परिमिती वाढते, नकाशा किती तपशिलात काढला त्यावरही ती बदलते, आणि वसई किंवा रत्नागिरीचा पूर्णपणे प्रामाणिक प्रभागही नापास होतो. हे सूत्र शंका घ्यायला ठीक आहे, निकाल द्यायला नाही.

लोकसंख्या समान ठेवली की आखणी न्याय्य झाली, हाही असाच एक समज. अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मतदारसंघांसाठी ही समानता इतकी कडक आहे की १९८३ मध्ये न्यू जर्सीचा नकाशा एक टक्क्याहूनही कमी तफावतीसाठी रद्द झाला. तरीही तिथेच जेरीमँडर सर्वाधिक फोफावला, कारण लोकसंख्येचा आकडा माणसं मोजतो, ती कुठल्या गठ्ठ्यात बांधली हे मोजत नाही. आपल्याकडे सूट मोठी आहे: प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा १० टक्के कमी किंवा जास्त चालते. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आणि प्रभाग २२७. सरासरी साधारण ५४,८१२. म्हणजे ४९,३०० च्या आसपासचा प्रभागही कायदेशीर आणि ६०,३०० च्या आसपासचाही. दोघांमध्ये ११ हजार माणसांचा फरक, आणि दोन्हीकडे नगरसेवक एकच. एखाददुसऱ्या प्रभागात असं झालं तर भूगोल म्हणून सोडून द्यावं. पण एका पक्षाच्या भागातले प्रभाग सातत्याने लहान आणि दुसऱ्याच्या भागातले सातत्याने मोठे असतील, तर मर्यादेत राहूनही एक-दोन जागा हलवता येतात. जॉर्जिया राज्याने नेमकं हेच केलं होतं, पाच टक्क्यांच्या सवलतीचा पद्धतशीर वापर करून. २००४ मध्ये ते न्यायालयात टिकलं नाही. आपल्याकडे मात्र हरकतदार एकेका प्रभागाचा आकडा पाहतात. सगळ्या प्रभागांचे आकडे एका रांगेत लावून कल कुठे झुकतो हे क्वचितच कुणी पाहतं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. रेघ एका मिलिमीटरनेही न वाकवता निकाल फिरवता येतो, आणि त्याचं नाव आहे बहुसदस्यीय प्रभाग. बृहन्मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात. चार जागा असतील तर अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र लढती होतात आणि प्रभागातला प्रत्येक मतदार चारही लढतींत मत देतो. समजा शेजारी-शेजारी चार वस्त्या आहेत, प्रत्येकी १०० मतदारांच्या. पहिल्या वस्तीत पतंगाला ९० मतं, उरलेल्या तिन्हीत ४५-४५. चार वेगळे वॉर्ड केले तर पतंग एक जिंकतो, छत्री तीन. आता मधल्या रेघा पुसून चौघांचा एक प्रभाग करा. पतंगाची बेरीज २२५, छत्रीची १७५. लोकांनी चारही बटणं एकाच पॅनेलची दाबली, तर चारही जागा पतंगाच्या. एक-तीनचं चार-शून्य झालं आणि नकाशा आधीपेक्षा जास्त सरळ दिसायला लागला, कारण रेघाच कमी झाल्या.

पॅनेल कधीच फुटत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. वैयक्तिक वजनावर अपक्ष निवडून येणारे आहेत, आणि एकाच प्रभागात दोन पक्षांत जागा वाटल्या गेल्याचे निकालही लागतात. पण पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागाची लोकसंख्या, तीही २०११ च्या जनगणनेनुसार, ८० हजारांच्या वर जाते. एवढ्या मोठ्या क्षेत्रात घरोघरी पोचणारा एकटा कार्यकर्ता मागे पडतो आणि चिन्ह पुढे येतं. म्हणजे ज्या पक्षाची शहरभर हवा आहे त्याला मोठा प्रभाग लाभतो, आणि ज्याचे गल्लीगल्लीत वजनदार स्थानिक आहेत त्याला लहान. हे गणित राजकारण्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पुण्याचा क्रमच बघा: २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. पुढे महाविकास आघाडीच्या काळात आधी एक आणि मग २०२१ मध्ये तीन ठरले. सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये पुन्हा चार. मुंबईत प्रभाग एकसदस्यीयच राहिला, पण संख्या २२७ ची २३६ झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परत २२७. यात कुठल्याही एका पक्षाला सोवळं म्हणता येत नाही. ज्याच्या हातात खडू, तो आपल्या मापाचा चौकोन काढतो. शहर तेच राहतं, लोकांचे प्रश्न तेच राहतात, फक्त दर निवडणुकीला प्रतिनिधित्वाचं माप बदलतं. याला जेरीमँडर म्हणायचं नाही तर कशाला?

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूने सांगितली जाणारी कारणं अगदीच पोकळ नाहीत. महिलांसाठी निम्म्या जागा आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास प्रवर्ग यांचं आरक्षण चार जागांच्या प्रभागात सहज बसतं. एकसदस्यीय वॉर्डात सोडतीत चिठ्ठी विरोधात निघाली की पाच वर्षं काम केलेला माणूस घरी बसतो. रस्ता, नाला, पाण्याची टाकी यांचं नियोजन मोठ्या प्रभागात बरं होतं, असंही म्हणतात. पण या कारणांतलं आरक्षणाचं कारण जितकं मतदाराच्या सोयीचं आहे त्याहून जास्त विद्यमान नगरसेवकाच्या सोयीचं आहे, कारण अ गेली तर त्याला क किंवा ड सापडते. आणि नियोजनाचं म्हणाल तर चार नगरसेवक असले की गटाराची तक्रार कुणाकडे न्यायची हेच मतदाराला कळत नाही. चौघेही उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतात.

आयर्लंडने हा प्रकार आपल्याआधी भोगला आहे, आणि तिथे त्यातून एक नवा शब्दही निघाला. तिथे पसंतिक्रमाचं मतदान आणि बहुसदस्यीय मतदारसंघ आहेत. १९७४ च्या कायद्याने स्थानिक शासनमंत्री जेम्स टुली यांनी डब्लिन परिसरातले बहुतेक सगळे मतदारसंघ तीन जागांचे केले. गणित असं की तीन जागांत विरोधी फियाना फॉलला एकच मिळेल आणि सत्तेतल्या फिने गेल आणि लेबर यांना एकेक. तीन जागांच्या मतदारसंघात दुसरी जागा मिळवायला जवळपास निम्मी मतं लागतात, आणि फियाना फॉल तिथवर जाणार नाही असा अंदाज होता. १९७७ च्या निवडणुकीत तो पक्ष देशभरात ५० टक्क्यांच्या वर गेला आणि तीनपैकी दोन जागा एकीकडे जाण्याचं तेच यंत्र उलट फिरलं. फियाना फॉलला १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या. या प्रकाराला ‘टुलीमँडर’ म्हणतात. त्यानंतर आयर्लंडमध्ये आखणी मंत्र्यांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे गेली. मतदारसंघात किती जागा, हा प्रश्नही त्या आयोगाच्या कामाचाच भाग झाला. आपल्यासाठी महत्त्वाचं हेच आहे.

उलटणाऱ्या आखणीला राज्यशास्त्रात ‘डमीमँडर’ असं नाव पडलं आहे. वर पतंगवाल्यांनी चार जागा काढल्या त्या किती कच्च्या होत्या ते पाहा: दर शंभरात पाच मतदार फिरले तर चारही जातात. त्याऐवजी त्यांनी दोन वॉर्ड सोडून दिले असते, छत्रीला दोन्हीकडे ९०-९० कोंबले असते, तर उरलेले तीन वॉर्ड साधारण ६७ विरुद्ध ३३ अशा फरकाने पक्के झाले असते. लोभ आणि धास्ती यांतली ही निवड प्रत्येक आखणाऱ्यापुढे असते. जेरीमँडर शेवटी उलटतोच, मग कशाला काळजी, असं म्हणणाऱ्यांनी हा दुसरा नकाशा लक्षात घ्यावा. तो उलटायला शंभरात सतरा-अठरा माणसं फिरावी लागतात, आणि एवढी मोठी लाट क्वचित येते. ऑस्ट्रेलियात दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात ३९ पैकी २६ जागा ग्रामीण भागाला आणि फक्त १३ ॲडलेडला होत्या. त्या जोरावर थॉमस प्लेफर्ड १९३८ पासून १९६५ पर्यंत प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, राहिले. तिथले लोक त्याला ‘प्लेमँडर’ म्हणतात. काटेकोरपणे तो जेरीमँडर नव्हेच. तिथे रेघा वाकवल्या नव्हत्या, एका मताचं वजनच दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट केलं होतं.

हा फरक भारतात फार गोंधळवला जातो. उत्तरेला लोकसभेच्या जागा वाढणार आणि दक्षिणेच्या वाट्याला कमी येणार, या वादाला सरसकट जेरीमँडरिंग म्हटलं जातं. तो वाद कुठल्या राज्याला किती जागा, याचा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ते गोठणं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. जेरीमँडरचा प्रश्न राज्याच्या आत रेघ कुठे जाते, हा आहे. जम्मू-काश्मीरच्या २०२२ च्या आखणीत दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. जम्मूच्या विधानसभा जागा ३७ वरून ४३ आणि काश्मीरच्या ४६ वरून ४७ झाल्या, हे वाटप. पीर पंजाल पर्वतरांगेच्या दोन बाजूंचे अनंतनाग आणि राजौरी हे भाग एकाच लोकसभा मतदारसंघात बांधले, ही आखणी. दोन्हींवर आक्षेप असू शकतो, पण दोन्हींना लागणारे पुरावे वेगळे आहेत. एकाच शब्दाने झोडपलं की उत्तर देणाऱ्याला निसटायला वाट मिळते.

विधानसभा आणि लोकसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना निदान एका आयोगाकडे असते. २००२ च्या कायद्याखालचा आयोग निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली होता. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य होते, त्यांना मत नव्हतं. महापालिकांचं उलट झालं. प्रभागरचना राज्य निवडणूक आयोगाकडे होती. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती राज्य सरकारकडे घेतली, आणि तो कायदा सत्ताधारी-विरोधक दोघांच्या संमतीने झाला. आता आयुक्त आराखडा करतात, तो नगरविकास विभागातून जातो, आयोगाची मान्यता शेवटी. आयुक्त हा सरकारनेच नेमलेला अधिकारी. राज्यघटनेचं कलम २४३ झेडजी अशा आखणीला न्यायालयात आव्हान द्यायला आडकाठी करतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानी असेल तर न्यायालय लक्ष घालू शकतं असं एका विधानसभा मतदारसंघाच्या प्रकरणात सांगितलं, पण ती फट अरुंद आहे. म्हणून आखणारा कोण हा प्रश्न आखणी कशी यापेक्षा आधी सुटायला हवा. आयोवा राज्यात १९८० च्या कायद्याने ते काम विधिमंडळाच्या पक्षनिरपेक्ष कचेरीकडे दिलं आणि तिला मागच्या निवडणुकांचे निकाल, मतदारांची पक्षनोंदणी, विद्यमान प्रतिनिधींचे पत्ते बघायलाच बंदी केली. कॅलिफोर्नियात १४ नागरिकांचा आयोग आहे: पाच एका पक्षाचे, पाच दुसऱ्याचे, चार या दोन्हींपैकी कुठल्याच पक्षाचे नाहीत. आपल्याकडे त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. अधिकार राज्य निवडणूक आयोगाला परत द्यावा, आणि त्यासोबत प्रभागातली सदस्यसंख्या कायद्यात एकदा ठरवून पुढच्या निदान तीन निवडणुकांसाठी गोठवावी. संख्या बदलायचीच असेल तर बदल पुढच्या नव्हे, त्यापुढच्या निवडणुकीपासून लागू व्हावा. ज्याला आपण त्या वेळी सत्तेत असू की नाही हे माहीत नाही, तो माप जरा जपून ठरवतो.

तोवर हरकतींचा मार्ग आहे, आणि तो बहुतेक जण वाया घालवतात. ‘आमचा भाग पूर्वीपासून अमुक प्रभागात आहे’ हा अर्ज टिकत नाही. जुनं असणं हा नियम नाही. नियम वेगळे आहेत: आखणी उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत दक्षिणेला संपवायची, मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वेमार्ग या हद्दी धरायच्या, जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजायचा भाग, शक्यतो फोडायचा नाही. हरकत याच भाषेत हवी. आधी प्रभागातल्या प्रगणक गटांची यादी मिळवावी आणि लोकसंख्येची बेरीज स्वतः करावी. एका गटात साधारण ६५० ते ८०० माणसं असतात, त्यामुळे चार-पाच गट इकडचे तिकडे झाले तरी तीन-चार हजारांचा फरक पडतो. मग चारही दिशांचं हद्दवर्णन हातात घेऊन रेघेवरून चालत जावं. वर्णन एक आणि नकाशा दुसरंच सांगतो असं बऱ्याचदा निघतं, आणि अशी चूक मान्य करण्यावाचून अधिकाऱ्याला गत्यंतर नसतं. त्यानंतर पर्याय द्यावा: हे तीन गट या प्रभागातून काढून त्यात घाला, दोन्हींची लोकसंख्या मर्यादेत राहते, ही बघा बेरीज. नुसता निषेध फेटाळणं सोपं असतं, बेरीज फेटाळायला कारण लिहावं लागतं.

राजकीय कल दाखवायचा असेल तर विधानसभेचे मतदान केंद्रनिहाय निकाल निवडणूक यंत्रणेच्या ‘नमुना २०’ या तक्त्यात मिळतात. अडचण एक आहे: मतदारयादीचे भाग आणि जनगणनेचे प्रगणक गट एकमेकांवर बसत नाहीत. हद्दीवरच्या केंद्रांची मतं कुठल्या प्रभागात धरायची याचा नियम आधी लिहून ठेवावा आणि सगळ्या शहराला तोच लावावा; नाहीतर हरकतदारच आपल्या सोयीचा हिशेब करून बसतो. या सगळ्याला नकाशा डिजिटल लागतो. प्रसिद्ध होते ती पीडीएफ, आणि पीडीएफवरची रेघ मोजता येत नाही, दुसऱ्या नकाशावर ठेवता येत नाही. आखणी गुगल अर्थवर झालेली असेल तर हद्दींच्या रेघा साठवलेली केएमएल फाइल महापालिकेकडे असणारच. हरकतींची मुदत सुरू होईल त्याच दिवशी, प्रगणक गटांच्या हद्दींसह, ती संकेतस्थळावर टाकायला एका संगणकचालकाला अर्धा तासही लागणार नाही. अर्जातली पहिली मागणी तिचीच असावी, आणि ती मिळेपर्यंत मुदतवाढीची दुसरी.